वीतभर सरकवलेलं घर

गुरुवारी सकाळी नऊ वाजता रिफअतने आपलं घर जमिनीवर काढलं. खरोखरच काढलं. उस्ता मितवल्ली गवंडी चुन्याची पिशवी काखेत धरून उलटा चालत होता आणि मूठ सैल सोडून दोरीवरून पांढरी रेष ओढत होता. त्याच्यापुढे रिफअत आलेखाचा कागद फडकवत "डावीकडे, अजून डावीकडे" असं ओरडत होता. तासाभरात कालव्याकाठच्या त्या उघड्या तुकड्यावर दोन निजायच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, या सगळ्यांच्या मधोमध जिना आणि उत्तरेला एक बाल्कनी असं सगळं घर मांडून झालं. रिफअतची आई हाज्जा वहीबा हिने आनंदाने जिभेची अशी काही लकेर उठवली, की कालव्यातली बदकं पलीकडच्या काठाला गेली.

इंजिनियर ठेवायचा नाही, हे रिफअतने आधीच ठरवलं होतं. इंजिनियरच्या पैशांत सगळ्या खिडक्या येत होत्या. शिवाय अकरा वर्षं कुवेतमध्ये त्याने इंजिनियरांच्या मागे मोजपट्टीचं दुसरं टोक धरून काढली होती. इतकी वर्षं टोक धरलेल्या माणसाला पट्टी आपलीच वाटायला लागते. "इंजिनियर करतो काय? रेघा मारतो," असं तो म्हणे. "रेघा मलाही येतात."

त्या अकरा वर्षांत तो सहा जणांबरोबर एका बिनखिडकीच्या खोलीत झोपला. तिथे पडल्या पडल्या त्याने हा आराखडा काढला, खोडला, पुन्हा काढला. खोल्या इकडच्या तिकडे झाल्या, पण उत्तरेची बाल्कनी जागची कधी हलली नाही. उत्तरेचा वारा समुद्रावरून येतो. त्या वाऱ्यात खुर्ची टाकून चहाचा पेला घेऊन बसायचं, एवढंच त्याला या घराकडून हवं होतं. बाकीचं घर बायकोचं, आईचं आणि अमल व धाकटी या दोन्ही मुलींचं. त्याने ते तसं बोलूनही दाखवलं होतं आणि सगळ्यांनी होकारार्थी माना डोलावल्या होत्या.

"शनिवारी खणायला घेतो," उस्ता म्हणाला. "तोवर रेषांवर शेळ्या येऊ देऊ नका, इंजिनियरसाहेब."

शेळ्या आल्या नाहीत.

दुपारी रिफअत सिमेंटवाल्याकडे गेला आणि हाज्जा आपल्या नव्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. भट्टीसमोर बसतात तशी मांडी घातली, डावीकडे कणकेची परात आहे असं समजली आणि भाकरी सारायला उजवा हात लांब केला. हात सरळ रेषेपलीकडे जिन्यात गेला. "बघा," ती हवेलाच म्हणाली, "भाकरी भाजू की भिंतीला कोपर घासू?" मग तिने इकडेतिकडे पाहिलं, चपलेने रेष पुसली आणि पिशवीतला मूठभर चुना घेऊन दोन विती पलीकडे नवी रेष घातली. जिन्यात कुणी राहत नाही, माणूस वर जातो आणि खाली येतो, असा तिचा साधा हिशेब होता.

संध्याकाळी इनसाफ, म्हणजे रिफअतची बायको, बैठकीची खोली बघायला आली. तिच्या लग्नातलं काचेचं कपाट चौदा वर्षं पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या खोलीत होतं. खाली गिरणी सुरू झाली की कपाटातले कप थरथरत आणि पाहुण्यांना भूकंप झाल्यासारखं वाटे. नव्या घरात ते कपाट दारासमोर मांडायचं, हे तिने कधीच ठरवलं होतं. कपाटाच्या लांबीएवढी ओढणी तिने मोजून आणली होती. ओढणी भिंतीशी लावली, सोफा मनात ठेवला, आणि पाहुण्यांचे पाय ठेवायला जागा उरेना. पाहुण्यांना काय पाय घरी ठेवून या म्हणायचं? जिना शेजारीच होता. इनसाफने त्याच्याकडून दोन विती घेतल्या.

शुक्रवारी नमाजानंतर उस्ता स्वतः डोकावला आणि त्याच्या लक्षात आलं की न्हाणीघरातल्या संडासाचं तोंड काब्याकडे आहे. असं पाप त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्याने संडास फिरवला. फिरवलेल्या संडासाला जागा जास्त लागते, म्हणून जिना लांबीकडून थोडा आखडला.

आणि उन्हं उतरल्यावर रिफअत स्वतः एक खुर्ची घेऊन आला. ती त्याने बाल्कनीत ठेवली आणि तो बसला. वारा सुरेख होता, पण गुडघे रेषेला लागत होते. त्याने मागची, जिन्याकडची रेष जरा सरळ केली. सरळ करताना ती वीतभर मागे गेली, एवढंच.

शनिवारी रिफअत विटांसाठी भट्टीवर रांगेत उभा राहायला गेला आणि पाच दिवस तिथेच अडकला. परत येईपर्यंत चर खणून, पाया भरून, वर रिवाजाप्रमाणे बळी म्हणून एक बदक कापून झालं होतं. मेंढा ठरला होता, पण खर्चाकडे बघता मेंढ्याचं बदक झालं. पायाकडे बघून रिफअतचा चेहरा उतरला.

"उस्ता, लहान दिसतंय हो सगळं."

"पायात घर लहानच दिसतं साहेब. भिंती चढल्या की फुगतं."

भिंती चढल्या. घर खरंच फुगलं. स्वयंपाकघरात आता दोन भट्ट्या बसल्या असत्या. बैठकीत वरात उतरली असती. हाज्जा रोज विटांवर हात फिरवून यायची, इनसाफ पडद्याच्या कापडाचे तुकडे दगडाखाली दाबून बघायची, आणि रिफअतला तर आनंदाने जेवण जात नव्हतं. भिंती खांद्याएवढ्या झाल्या तेव्हा जिन्याच्या पायऱ्या मोजायला तो मोजपट्टी घेऊन आत शिरला. म्हणजे शिरायला गेला. जिन्याच्या जागी एक माणूस उभा राहिला असता, तोही श्वास आत घेऊन.

"उस्ता!"

उस्ता आला, त्यानेही आत डोकावून पाहिलं. "मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं तर बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुवेतला राहून आलात. म्हटलं, लिफ्ट बसवणार असाल."

"माझा कागद कुठाय?"

"साहेब, मी रेष खणतो. कागद माझ्या बापानंही कधी खणला नाही."

रिफअतने सगळ्यांना त्या बिनछपराच्या बैठकीत बोलावलं. "रेषा कुणी हलवल्या?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे भर दुपारी चौघांच्या मनात ते पडलं होतं. हाज्जाने पाय मांडीखाली घेतले, तेवढ्यात चपलेचा पांढरा तळवा दिसला.

"दोनच विती," ती म्हणाली. "आणि त्या तुझ्याच पोटासाठी. तुपाळ फतीर रोटी खाताना विचारलंस का, आई, भट्टी कुठे मांडलीस?"

"अमलचे बाबा, मी पण दोन घेतल्या," इनसाफ ओढणीचं टोक झटकत म्हणाली. ओढणीचं टोकही पांढरं होतं. "चौदा वर्षं ते कप थरथरतायत. त्यांना एकदा स्वस्थ बसू द्या."

"मी तर धर्माचं काम केलं," उस्ता म्हणाला.

"वा. म्हणजे आखलेली रेष पाळणारा या घरात मी एकटाच," रिफअत म्हणाला.

 तिघंही त्याच्या काळ्या बुटांकडे बघत होती. बुटांच्या शिवणीत चुना बसलेला होता, त्या शुक्रवारपासून तसाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागवायचं तरी कुणावर?

भिंती पाडायला पैसे नव्हते. जिन्यावाचून गच्ची नाही, आणि गच्चीवाचून कबुतरं नाहीत, वाळवण नाही, पुढे मुलींसाठी वरचा मजला नाही. जिना बाहेरून काढायचा तर तुकड्यावर एकच जागा उरली होती. ती कुठली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"उत्तरेला काढा," शेवटी रिफअतच म्हणाला. "बाल्कनीच्या जागी."

मग तो कालव्यावर गेला आणि बूट धूत बसला. बूट धुवायला इतका वेळ लागत नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली होती. इनसाफ दारातून त्याच्या पाठीकडे बघत होती.

तरी छपराचा दिवस आला आणि सगळं विसरायला झालं. काँक्रीट कालवायचं यंत्र सकाळी सातला घरघरायला लागलं. सगळा गाव आला, घमेली या हातातून त्या हातात वर चढली, खाली हाज्जाने दोन पातेली भरून भात-मटणाचा फत्ता केला, आणि छप्पर भरून झालं तेव्हा तिच्या लकेरीला शेजारच्या सात घरांतून लकेरी आल्या. नव्या जिन्यावरून रिफअत पहिल्यांदा वर गेला. बाहेरचा असला तरी जिना भक्कम होता.

छपराचे टेकू निघाले त्या दिवशी उस्ताने उरलेल्या विटा मोजल्या. "वरती एखादं काम निघेल. एकच."

"कबुतरांचं घर," हाज्जा म्हणाली.

"धुण्याची खोली," इनसाफ म्हणाली.

 रिफअतने चुन्याची पिशवी उचलली, गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात चार रेषा घातल्या आणि मध्ये खुर्ची ठेवून बसला.

"हे काय?" हाज्जाने विचारलं.

"बाल्कनी. मी इथून उठणार नाही. बांधायला घ्याल तेव्हा माझ्याभोवती बांधा."

"बाळा, जेवायला तरी ये."

"वरती पाठव."

जेवण वरती आलं. तिसऱ्या प्रहरी समुद्रावरचा वारा सुटला, कालव्याचा वास घेऊन आला, आणि अकरा वर्षं ज्या झोपेची वाट पाहिली ती झोप रिफअतला बसल्या बसल्या लागली.

जाग आली तेव्हा खुर्चीसमोरची रेष नाहीशी झाली होती.  डावीकडे पाहिलं, तिथलीही नव्हती. आता काय, खुर्चीच्या चार पायांपुरतं ठेवलं असेल, असं म्हणत तो उठला. मग त्याला रेषा दिसल्या. त्या लांब गेल्या होत्या. डावीकडची दोन विती, उजवीकडची चार विती, आणि समोरची तर थेट गच्चीच्या काठाला लागली होती. जिन्यावरून पांढरी पावलं खाली उतरली होती. एक चपलेची जोडी, एक अनवाणी, आणि एक उस्ताचे रुंद बूट.

 रिफअतने डोळे पुसले आणि मोजपट्टीचं टोक धरायची जुनी सवय, म्हणून नव्या बाल्कनीत पावलं टाकून अंदाज घेतला. जागा बेताची पण नेमकी होती. तिथे बरोबर चार खुर्च्या मावत होत्या.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या, पेले किणकिणले आणि खुर्च्या आपटत वर येऊ लागल्या.

"रिफअत, उठलास का?" हाज्जाने खालूनच विचारलं. "चहा आणतेय. जरा सरकून बस."