हँडबिलवाले डोमाजी

माझ्या वडिलांच्या तेरवीला डोमाजी आले, फोटोच्या पाया पडले, खरंखुरं रडले, नाक पुसलं, आणि देव्हाऱ्याकडे बघत मला हळूच म्हणाले, "भाऊ, देवाखाली कागद कोनता आंथरला आहे?"

मी किराणा दुकानदार माणूस, राग नाकावरच. त्यात तो दिवस तसला. म्हटलं, डोमाजी, जेवा आणि निघा. ते जेवले, पण निघाले नाहीत. पाहुणे पांगल्यावर त्यांनी माझ्या आईची परवानगी काढली, एकेक देव अलगद पाटावर ठेवला, खालचा मळका गुलाबी कागद सोडवला आणि त्या जागी नवा कोरा कागद पसरून देव होते तसे मांडून दिले. गुलाबी कागद म्हणजे कुठल्या तरी जुन्या नाटकाचं हँडबिल होतं. आणि कोरा कागद? तो हा माणूस तेरवीला येतानाच खिशात घालून आला होता. आता याला काय म्हणावं!

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटली की नाटक आलं आणि नाटक म्हटलं की हँडबिल आलं. जीपला भोंगा बांधून लोक गावोगाव ती वाटत फिरतात. नाटक संपलं की हँडबिल फळीवर, पेटीच्या तळाशी, नाहीतर भज्यांखाली जातं. डोमाजी ते तिथून परत आणतात. आंधळगावात माझ्या दुकानात रद्दी आली की पुड्या बांधायच्या आधी ती यांच्या हाताखालून जाते. गिऱ्हाईक जिऱ्यासाठी ताटकळलेलं, आणि हे गठ्ठा मांडीवर घेऊन डोळ्यांजवळ एकेक कागद धरून बसलेले. ओरडलो तर म्हणतात, "जिरं उद्या बी भेटते भाऊ."

त्यांच्या घरी तीन पेट्या भरून हँडबिलं आहेत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. सगळ्यांत लाडकं आहे ते मूकपटाचं. कुणाच्या तरी आजाच्या काळात तुमसरला तंबूत सिनेमा यायचा, त्याचं. त्यात पेटी-तबल्याची साथ आणि बायांसाठी बसायची वेगळी सोय असं मोठ्या अक्षरात छापलंय, खाली गोष्ट अर्धीच सांगून 'पुढील भाग पडद्यावर पाहा' असा दम दिलाय. डोमाजी ते आल्यागेल्याला वाचून दाखवतात. "पिक्चरात कोनी बोलत नाही," ते म्हणतात, "अन् कागद पाहा, एका दमात वाचून होत नाही." त्यांच्या बायकोचं, मंजुळाबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या मला म्हणाल्या, "मले बी कागदात गुंडाळून आनलं असतं, तं या मानसानं नीट ठेवलं असतं."

हे वेड लागलं कुठून, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. चाळीसेक वर्षांपूर्वी आंधळगावच्या पोरांनी मंडईला स्वतःच नाटक बसवलं. हँडबिल छापून आणायचं काम डोमाजींकडे होतं. सायकलवर तुमसरला गेले. छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हणाला, मजकूर कागदात मावत नाही, कमी करा. आता आमच्याकडे हँडबिलात नाटकापेक्षा 'विनीत' मोठे असतात, म्हणजे ज्यांच्या वतीने आमंत्रण आहे ते. त्यात सरपंच, पोलीस पाटील, बैलगाडी देणारा, गॅसबत्ती देणारा, आणि काहीच न देता नुसता भांडू शकेल असा प्रत्येक माणूस. त्यातलं एक नाव गाळलं तर त्या घरच्या दोन पिढ्या आपल्याकडे पाणी पीत नाहीत. डोमाजींनी मग नटांच्या यादीतून एक नाव कापलं. आपल्या जिवलग दोस्ताचं, किसनचं.

किसन नाटकात नायकाची आई झाला होता. नायिका नागपूरहून यायची, पण म्हाताऱ्या बाईचं काम गावातल्याच गड्यानं करायचं, अशी रीत होती. दोन महिने त्यानं आईचं लुगडं नेसून रडायची तालीम केली होती. आणि नवा जावई म्हणून बपेऱ्याच्या सासरवाडीला सांगून ठेवलं होतं, की या, माझं नाव छापून येऊन राहिलं. सासरे दहा माणसं घेऊन आले. हँडबिल उलटंपालटं करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, जवाई, नाव कुठे आहे? किसननं त्या दिवशी काम केलं, म्हणे असा रडला की बायकांना बघवेना, त्या उठून गेल्या. त्यानंतर डोमाजींशी एक शब्द बोलला नाही. पुढे सासरची शेती कसायला बपेऱ्यालाच राहायला गेला.

डोमाजींनी लाजेपायी उरलेली सगळी हँडबिलं चुलीत घातली आणि मग आयुष्यभर तेच एक हँडबिल शोधत बसले. बाकीच्या तीन पेट्या त्या शोधात गोळा झाल्या. मी एकदा म्हटलं, अहो, जाऊन सरळ माफी मागा, बपेरा काय परदेशात आहे? तर म्हणाले, "कागदावर कापलं भाऊ. तोंडानं कसं जोडू?"

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न पवनीकडे, कोंढ्याला होतं. डोमाजीही वऱ्हाडात होते. मुलाकडच्यांनी अंथरुणं काढायला माळ्यावरची जुनी पेटी उतरवली. थोड्या वेळानं आरडाओरडा ऐकून मी धावलो, तर डोमाजी कमरेपर्यंत पेटीत आणि व्याही त्यांचं धोतर धरून ओढताहेत. चोर समजले होते बिचारे. माझी मान शरमेनं खाली गेली. पण डोमाजी बाहेर आले ते भुईवरच बसले. हातात पिवळा कागद, आंधळगावच्या त्याच नाटकाचा. पेटी त्या घरच्या म्हातारीच्या आंदणातली होती आणि म्हातारी माहेरची आंधळगावची. माझा राग तिथेच विरला. मीच व्याह्यांना हात जोडले आणि कागद मागून घेतला.

आठ दिवसांनी त्यांना माझ्या मोटारसायकलवर बसवून बपेऱ्याला नेलं. किसनजी अंगणात खाटेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोनं पाणी ठेवलं आणि आत गेली. डोमाजींनी दोन पुठ्ठ्यांमधून हँडबिल काढून खाटेवर ठेवलं. नटांच्या यादीखाली डोमाजींनी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'नायकाची आई : किसन'. पोरासारखं बाळबोध, एकेक अक्षर जपून.

किसनजींनी चष्मा लावला. ती ओळ पाहिली आणि मग वरपासून सगळा कागद वाचायला घेतला. प्रत्येक नावाखालून बोट फिरवत होते. सरपंच झाला, पोलीस पाटील झाला, गॅसबत्तीवाला झाला. मला वाटलं, आता टरकावतात.

"तुझं नाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

डोमाजी खाली बघत म्हणाले, "मी प्रॉम्प्टर होतो. दोन ओळी जास्त होऊन राहिल्या होत्या. पयले आपलंच नाव कापलं. तरी एक उरली."

"अन् मंग माझं काहून?"

"बाकीचे रुसले असते. तू आपला होता."

किसनजी पुन्हा कागदाकडे बघायला लागले. "मी तेव्हा आपलंच नाव पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "तुझं आहे का नाही, पाहिलंच नाही गा."

त्यांनी हात पुढे केला. डोमाजींना कळेना. मला कळलं, मी माझ्या खिशातला पेन दिला. गुडघ्यावर पुठ्ठा धरून किसनजींनी आपल्या नावाखाली लिहिलं, 'प्रॉम्प्टर : डोमा'. शेवटचं अक्षर विनीतांवर चढलं. मी गावभर तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, पण त्या क्षणी मी उगाच मोटारसायकलकडे बघत उभा राहिलो.

मग किसनजींनी चष्मा काढला आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "अवं, ऐकतेस का? डोमा आला आहे. भात जास्तीचा मांड."