तात्यांच्या पेटीतले चौकोन

माझ्या हाताला सुई लागली की चिंधीचंही सोनं होतं! हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

प्लेगनंतर सगळ्या सुरतेला झाडझुडीचं वेड लागलं होतं. त्या भरात मी लिंबायतच्या आमच्या घरातली पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, तर आत काय! वारलेल्या सासूबाईंनी तुकड्याला तुकडा जोडून ठेवलेले गोधडीचे चौकोन. खण, पॉपलिन, टेरिकॉट, एकाहून एक देखणी जुनी कापडं. पण सगळे चौकोन सुटे, गोधडी एकही नाही. बिचारे पोरके होऊन पडलेले! मला गहिवरून आलं.

माझे सासरे तात्या हे गल्लीचे जुने शिंपी. नजर अधू झाली म्हणून दुकान बंद केलं, तरी गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या नणंदेला, वर्षाला, उधन्याहून पाहुणे बघायला येणार होते. मुलाचे वडील किसनराव यांचंही शिवणकामाचंच दुकान. आधीची दोन स्थळं हातची गेली होती. हा मुलगा मात्र फोटोवरूनच वर्षाला इतका आवडला होता, की या वेळी नकार आला तर मी गावी निघून जाईन, असं तिनं मला कणीक मळता मळता रडत सांगितलं होतं. त्या कणकेच्या पोळ्या खारट झाल्या.

मी ठरवलं, शिंप्याच्या घरी शिंपी येणार, तर बसायला अशी गोधडी टाकायची की पाहुणे उठायचंच विसरतील!

तात्या म्हणाले, "राहू दे, सूनबाई. पेटी लावून टाक."

मला वाटलं, सासूबाईंची आठवण आली असेल. मी डोळे पुसले आणि दुप्पट जोमानं धावदोरा घालू लागले. मी एखादा चौकोन उजेडात धरला की तात्या खोकायचे. मी त्यांना आल्याचा काढा दिला. ते आणखी खोकले. मी आणखी काढा दिला. दोन गोधड्या होईपर्यंत त्यांच्या पोटात आल्याचं शेत झालं असणार.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी गोधड्या ऐटीत गॅलरीच्या कठड्यावर उन्हाला टाकल्या. खाली नळावर समोरच्या पुष्पाबाई होत्या. त्यांनी मान वर केली, कळशी तिथेच सोडली आणि जिना चढून आल्या. मी कौतुक ऐकायला पदर सावरून उभी राहिले. पुष्पाबाईंनी एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हाई मन्हा लगीनना पोल्कानं कापड शे," त्या म्हणाल्या. "तात्या तं म्हनेत, कापड पुरनं नही."

कापड पुरलं नाही म्हणून बिचाऱ्या बिनबाह्यांच्या पोलक्यात बोहल्यावर चढल्या होत्या, आणि त्यावरून सासूनं वर्षभर अबोला धरला होता! तेवढ्यात गल्लीतले छगनभाऊ आले. त्यांना त्यांच्या लाल चौकड्यांच्या शर्टाचा खिसा सापडला. हल्ली मुंबईत बिनखिशाचेच शर्ट घालतात, असं तात्यांनी त्यांना सांगितलं होतं. मग सगळी गल्लीच लोटली. जो तो गोधडीवर नाक टेकवून आपापलं कापड शोधू लागला. आत तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांचा खोकला एकदम बरा झाला होता.

आणि नेमकी पाहुण्यांची रिक्षा आली! दारात वर्षा पांढरीफटक पडली. पुष्पाबाईंनी पाहुण्यांना चपला काढायच्या आधीच सगळा इतिहास ऐकवला. झालं, माझ्या सुईनं नणंदेचं लग्न उसवलं! मला रडूच फुटलं.

मुलाची आई प्रमिलाबाई पुढे झाल्या. त्यांनी हिरवा तुकडा शांतपणे चिमटीत धरला.

"बाई, ही सुरत आहे," त्या म्हणाल्या. "इथं एक डिझाईन हजार हजार मीटर छापतात. हे तुमचंच कशावरून?"

पुष्पाबाईंना एकदम नळावरची कळशी आठवली. गल्ली चुळबुळली आणि हळूहळू नळावर परतली.

दार लागल्यावर किसनराव चहाही न घेता गोधडीवर वाकले. एक चौकोन त्यांनी वितीनं मापला.

"तात्या, एका पोलक्यातून एवढं?"

"आडवं बेतलं होतं," तात्या लाजून म्हणाले.

"वा! आमच्याकडे याच्या तीन पेट्या आहेत, पण एवढा मोठा तुकडा नाही." किसनरावांनी तात्यांना मिठी मारली. "मुलगी पसंत आहे."

प्रमिलाबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच समजावलं, की असे चौकोन गोधडीच्या आतल्या थरात घालायचे असतात, आणि वरून आपलंच जुनं लुगडं. सासूबाईंना हे सांगायचं राहून गेलं असावं!

सुपारी फुटली, पेढे वाटले. आनंदाच्या भरात तात्या म्हणाले, नवरदेवाचा सूट मी शिवणार. किसनराव म्हणाले, मग वर्षाची पोलकी माझ्याकडे. दोन्ही व्याही एकमेकांकडे बघत बराच वेळ गोड हसत राहिले.

लग्न थाटात झालं. कपडे दोन्ही घरांनी रेडीमेड आणले.