पडझड ही संधी

दशरथ सामंतांनी आयुष्यभर शेअर बाजाराला जुगार म्हटलं आणि निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्याच जुगारात उडी घेतली. मोबाइलवर नवशिक्यांसाठी गुंतवणुकीचे दहा धडे होते. 'अडीनडीचा पैसा बाजारात घालू नका' हा पहिला धडा त्यांना फारच बाळबोध वाटला, म्हणून त्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात केली. निवृत्तीच्या फंडाचे सहा लाख बाजारात गेले, पाठोपाठ मंदी आली आणि सहाचे साडेचार झाले. बायको मृणालिनी मात्र पैसे बँकेत एफडीत सुखरूप आहेत, या समजुतीत होती.

दशरथराव पेणकरपाड्यातल्या सागरदीप सोसायटीचे सेक्रेटरीही होते. रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बर्नडेट बोर्जिसच्या स्वयंपाकघरात छताचं प्लास्टर थेट ओट्यावर कोसळलं. तिने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि आपण उत्तनला भावाकडे निघालो, असं लिहिलं. सामंतांनी तो पाहिलाच नाही. ते त्याच वेळी 'धनवृद्धी' ग्रुपवरच्या घाबरलेल्या नवशिक्यांना धीर देत होते. त्यांनी लिहिलं, 'पडझड बघून घाबरू नका. घाईने बाहेर पडणाऱ्याचंच नुकसान होतं. पडझड ही संधी आहे, दुरुस्ती होतेच. मी तर निवृत्तीचे सहा लाख यातच लावलेत.'

मोबाइलवर दोन्ही ग्रुप शेजारी शेजारी होते. मेसेज सागरदीपवर गेला.

चूक लक्षात आल्यावर सामंतांनी लगबगीने तो पुसला, पण फक्त स्वतःच्या फोनवरून. बाकीच्या बेचाळीस फोनांवर तो ठणठणीत राहिला. तासाभरात खजिनदार यतीनचा फोन आला. "काका, मान गये. आम्ही दुरुस्तीच्या दोन-दोन हजारांच्या वर्गणीसाठी भांडतोय आणि तुम्ही सहा लाख काढले? मी काँट्रॅक्टरला बोलावलंय."

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सामंत खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं असं घोकतच खाली उतरले, पण मृणालिनी पहिल्याच रांगेत बसली होती. खरं सांगावं तर संसाराचं छप्पर कोसळणार, आणि न सांगावं तर बिल्डिंगचं छप्पर त्यांच्या पैशाने उभं राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात बर्नडेट पुढे आली. तिच्या केसांत अजून चुना होता.

"सेक्रेटरी, मी सामान बांधलं होतं," ती म्हणाली. "तुमचा मेसेज वाचला नि परत सोडलं. तुमच्यासारखा मानूस आजकाल न्हाय."

त्या बाईचं आभार मानणं खरं होतं, आणि आपण तिच्या छताचा साधा फोटोही पाहिला नव्हता, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते काही बोलणार एवढ्यात मृणालिनीने टाळी वाजवली आणि मग सगळी पार्किंग दणाणली. यतीनने हार घातला. काँट्रॅक्टरने आगाऊ चार लाख सांगितले आणि बाकीचे पैसे काम संपल्यावर चालतील, म्हणाला.

सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला आणि उघडतानाच घसरला. सामंत मोबाइल घेऊन गॅलरीत बसले. दुसऱ्या धड्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक धड्यात एकच गोष्ट ठासून सांगितली होती, पडत्या बाजारात विकायचं नाही. त्यांनी डोळे मिटून विकायचं बटण दाबलं. डोळे उघडले तर शेजारी मृणालिनी चहा घेऊन उभी.

"विकले का सगळे?" तिने विचारलं.

सामंतांनी मोबाइल पालथा ठेवला. "तुला कळलं होतं?"

"कालच. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो मेसेज मला एकटीलाच बरोबर समजला."

"मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस? चार लाख वाचले असते."

मृणालिनी शांतपणे शेजारच्या खुर्चीत टेकली. "बोलले असते तर ते बाजारातच राहिले असते. आता निदान वर बघितलं की दिसतील तरी."