तोंडाची डबल बेल

साल दोन हजार बावीस, मला अडुसष्ट सरलेलं. बांधाच्या भांडणात चुलतभावाचं डोकं फोडलं म्हणून मी जालन्याच्या जेलात होतो. तिथं रोज सकाळी ध्यान शिकवायला एक माणूस यायचा. ध्यान सुरू करायचं म्हणलं की तो हात वर करून नसलेली दोरी ओढायचा अन् तोंडानं टिंग टिंग करायचा. डबल बेल.

नाव किसनराव. सारी उमर घनसावंगीच्या गाडीवर कंडक्टर. आल्या आल्या "पुढं सरका, मधी जागा हाय" म्हणत आमाला सतरंजीवर दाटीनं बसवायचा. कुणी मधीच डोळे उघडले की "स्टॉप आला न्हाई अजून." कुणी घोरला की "ह्याचं गाव मागं गेलं." खुनाच्या केसमधले गडीबी गालात हसायचे.

त्याचा एकच नियम. सगळ्यांचे डोळे मिटल्याबिगर बेल न्हाई. अन् माझा एकच नियम. कुणी सांगितलं म्हणून डोळे मिटायचे न्हाईत. मी तिसरी नापास, पण बापाचंबी कधी ऐकलं न्हाई.

मी बराकीत नवा आलो तवा चार दिवस गाडी हललीच न्हाई. तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. बाकीचे डोळे मिटून बेलची वाट बघायचे. टाइम संपला की तो गुमान निघून जायचा.

पाचव्या दिवशी बराक खवळली. दगडू नावाचा गडी हात जोडून म्हणला, "बाबा, मिटा की. दिवसात तेवढा अर्धा घंटा जीव थाऱ्यावर ऱ्हातो माझा."

मी किसनरावलाच म्हणलं, "एक म्हातारा ऱ्हायला तर काय बिघडतं? द्या बेल."

त्याचं तोंड उतरलं. माझ्याशेजारी टेकला अन् हळूच सांगाय लागला. वाटूर फाट्यावर एकदा गाडीला उशीर झाल्ता. जल्दीत त्यानं मागं न बघता बेल दिली. एका म्हातारीचा एक पाय पायरीवर, एक खाली. ती वाचली, पण पाय गेला.

"तवापासून बघितल्याबिगर बेल देत न्हाई, दादा."

मी इचारलं, "मंग तुमी ध्यान कवा करता?"

"डोळे मिटले की ती पायरी दिसती. अन् कंडक्टरनं डोळे मिटल्यावर दाराकडं कोण बघंल?"

म्हंजे हा बाबा आमाला शिकवून राह्यला, अन् सोता एकदाबी बसला न्हाई.

मी उठलो. म्हणलं, "बसा माझ्या जाग्यावर. दाराकडं मी बघतो."

नको नको म्हणत बसला. मी एकेकाचं तोंड बघितलं, परत एकदा बघितलं. सगळ्यात शेवटी त्याचे डोळे मिटले. मंग मी बेल दिली. त्याचा उजवा हात सवयीनं वरच, दोरी धरल्यावानी. लई येळानं तो सावकाश मांडीवर आला. अर्धा घंटा मी दाराशी उभा होतो, बिलकुल हललो न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी सतरंजीवर जाऊन बसलो, अन् कुणी सांगायच्या आत डोळे मिटून घेतले.