रंगनाथ सरांचं पूर्वज्ञान

रंगनाथ सरांना कुणी काही विचारलं की ते उत्तर देत नाहीत. माहीत असूनही देत नाहीत. एकदा घनसावंगीच्या स्टँडवर एका म्हातारबाबांनी त्यांना विचारलं, "गुरुजी, अंबडची गाडी गेली का?" सर म्हणाले, "बाबा, आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतंय?" बाबांना काय वाटतंय ते बाबांनी स्टँडभर ऐकू जाईल असं सांगितलं. ते इथं लिहिता येणार नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची. थोरल्या मुलांना सर, धाकट्यांना मी. काही वर्षांपूर्वी सर जालन्याला प्रशिक्षणाला गेले. तशी प्रशिक्षणं आम्हीही करतो. चहा-नाश्ता चांगला असतो. सरांच्या मात्र ते अंगात भिनलं. मूल कसं शिकतं हे सांगून गेलेल्या परदेशी विद्वानांची नावं ते सोयऱ्याधायऱ्यांसारखी घ्यायला लागले.

"मॅडम, लेकरू म्हंजे रिकामं पोतं न्हाई, सरकी भरली अन् तोंड शिवलं. त्याच्यापाशी आधीचं कायतरी असतंच. त्याला म्हणायचं पूर्वज्ञान. ते तपासल्याबिगर बिलकुल पुढं जायचं न्हाई."

मग वर्गातली खुर्ची बाहेर गेली आणि सर मुलांमध्ये मांडी घालून बसायला लागले. अपूर्णांक शिकवायला डब्यातल्या भाकरी मोडल्या. पाव भाकर उरायला हवी होती, ती सापडेना. "सर, कुठं गेली?" मुलांनी विचारलं. "शोधा की!" सर तोंड पुसत म्हणाले. हे 'शोधा की' म्हणजे सरांचं ब्रीद. एकदा मोठे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी गोदावरीचा उगम विचारला, तर पोरं एका सुरात म्हणाली, "साहेब, आधी तुम्हाला काय माहीत हाये ते सांगा." साहेबांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

घरीही तेच. सरांच्या बायको, कमलवहिनी, हसत सांगायच्या, "भाजीत मीठ टाकलं का इचारलं तर म्हणतात, चाखून पाहा. असल्या माणसाशी संसार करून राह्यले मी!"

त्या कमलवहिनींना पोळ्याच्या सुमारास अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. सगळं समजायचं, पण शब्द ओठावर यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, सराव करून घ्या, काही येईल, काही नाही. सर माझ्या वर्गातले चित्रांचे तक्ते घरी घेऊन गेले. गाय, घर, पाणी. ते चित्रावर बोट ठेवून वाट पाहायचे. वहिनी चित्राकडे पाहायच्या, मग सरांकडे, आणि त्यांचे डोळे भरून यायचे.

शाळेत सर मुकाट झाले. एका मुलानं सातानं भागायचं कसं विचारलं, तर सरांनी सरळ सांगून टाकलं. पोरं घाबरून माझ्याकडे आली. "मॅडम, सरांना बरं न्हाई. उत्तर सांगून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलांपुढं आपला प्रश्न ठेवला. "एका माणसाचे शब्द हरवलेत. मला उत्तर येत न्हाई. तुम्ही सांगा." मी दारात उभी होते.

मग सखू उठली. तिच्या घरी मेंढरं. "सर, माझी आजी मला बी वळखत न्हाई. पण मेंढरं आली की एकेकाला नावानं हाका मारती. तिला लई जुनं तेच येतंय बराबर."

सर तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "पूर्वज्ञान! मॅडम, साऱ्या जगाचं पूर्वज्ञान तपासलं, अन् घरी पहिलीचे तक्ते घेऊन बसलो!"

संध्याकाळी मी वहिनींसाठी खिचडी घेऊन गेले. त्या ओसरीवर बसल्या होत्या. सर रानातून आले आणि त्यांनी एक फुटलेलं कापसाचं बोंड वहिनींच्या हातात दिलं. मला हळूच म्हणाले, "लग्नात हिनं उखाणा घेतल्ता. माझं नाव हिनं उखाण्याबिगर कधी घेतलंच न्हाई. बघू."

वहिनी कापूस चिमटीत घेऊन कुरवाळत राहिल्या. ओठ हलले, थांबले. मला राहवेना, काहीतरी सुचवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर सरांनी हातानंच थांबवलं.

"कपाशीच्या..." वहिनींचा आवाज गंज चढलेल्या कडीसारखा निघाला. "कपाशीच्या रानात... फुटली पांढरी बोंडं..."

पुढं काही नाही. सांगून टाकायचा मोह सरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, पण ते बोलले नाहीत.

वहिनींनी डोळे मिटले. "रंगनाथरावांचं नाव घेते..." आणि मग नव्या नवरीसारख्या लाजून, एका दमात, "गोड करा तोंड."

मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. सर झटकन उठले आणि आत गेले. उखाणा घेतला म्हटल्यावर गोड द्यायलाच हवं. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. मग आतून सरांचा दाटलेला आवाज, "अगं, साखर कुठंय?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एका बाजूनं ओढलेला ओठ जरासा हसला.

"शो... शोधा की."

आतले आवाज एकदम थांबले. सरांना बाहेर यायला बराच वेळ लागला. साखरेचा डबा ओट्यावर समोरच होता.