प्रयागबाईची तस्वीर

पुंजाजींचं नाक प्रयागबाईला दिसेनासं झालं, ते ज्वारी खळ्यावर आली त्या सुमारास. समोर पाहावं तर वर मुंडासं, दोन्ही बाजूंना कान आणि मधे नुसता धुरकट डाग. पुंजाजी शिरपुरातले मानी शेतकरी. अशा नवऱ्याला 'तुमचं नाक दिसत नाही' हे सांगायचं कसं? तिनं सांगितलंच नाही.

मग एका पंगतीत तिनं वाढलेलं वरण व्याह्यांच्या ताटाऐवजी मांडीवर पडलं. वरण कढत होतं. व्याही उठले, आणि गोष्ट लपायची राहिली नाही.

बांगड्या विकणारा चांद नुकताच वाशीमहून आला होता. तो म्हणाला, "अकोल्याहून डोळ्याचा डाक्टर आला हाये, काका. काकीले घेऊन जा. अंधाऱ्या खोलीत बसवते, डोळ्यात पाह्यते अन् रंगीत तस्वीर काढते."

"तस्वीर? कोनाची?"

"ज्याचा डोळा त्याचीच."

चांदचं यात काही चुकलं नव्हतं. पण पुंजाजींच्या घरात तोवर कुणाचीच तस्वीर निघाली नव्हती. सून हेमलानं सासूसाठी ठेवणीतलं लुगडं काढलं, नथ घासली. पुंजाजींनी कोट चढवला.

"तुमी कायले नटून राह्यले?" प्रयागबाईनं विचारलं.

"तस्वीरीत बाई एकटी बरी दिसत नाही."

हेमलाही सासूला धरायला सोबत निघाली. बैलगाडी वाशीमला पोहोचेपर्यंत ऊन चढलं. डॉक्टरांनी प्रयागबाईच्या डोळ्यात थेंब घातले, तिच्या मागं दिवा ठेवला, गोल आरसा स्वतःच्या डोळ्याला लावला आणि ते पुढं वाकले. भिंग धरलेल्या हाताला नथ अडली.

"नथ काढा, बाई."

"मंग तस्वीरीत कशी येईन?"

डॉक्टर बुचकळ्यात पडले. तेवढ्यात पुंजाजी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी श्वास रोखला.

"तुमचेही डोळे दुखतात का?"

"नाही. मी हिचा मालक. तुमी काढा, मी हालत नाही."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. ते डोळ्यात पाहायचे, मग रंगीत पेन्सिलीनं कागदावर काढायचे, पुन्हा पाहायचे.

"काय दिसून राह्यलं आत?" प्रयागबाईला राहवेना.

"सगळं शेंदरी आहे. त्यात लाल शिरा, झाडाच्या फांद्यांसारख्या."

"माह्या डोळ्यात?" ती हरखली.

चित्र पुरं झालं. पुंजाजींनी ते दाराशी उजेडात नेलं. शेंदरी गोळा, लाल फांद्या, मधोमध पिवळट ठिपके. त्यांनी कागद उलटा करून पाहिला.

"याच्यात मी कुठं हाये?"

आता कुठं डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते हसले नाहीत. "हा डोळ्याच्या आतला, मागचा पडदा आहे. वयामुळं तो मधोमध झिजलाय. बाई सरळ जे पाहतात, ते नेमकं या ठिपक्यांवर पडतं आणि पुसलं जातं."

"मंग इलाज?"

"आज तरी नाही. पण कडा शाबूत आहेत. घरात वावरता येईल. पूर्ण अंधार होणार नाही."

प्रयागबाईनं हळूच विचारलं, "म्हंजे याइचं नाक जाग्यावरच हाये?"

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पुंजाजींचा हात आपोआप नाकाकडं गेला.

"त्यांच्याकडं सरळ पाहू नका," डॉक्टर म्हणाले. "कानाच्या पलीकडं पाहा."

तिनं मान तशीच ठेवून नजर कानापलीकडं नेली. धुरातून वर यावं तसं आधी नाक आलं, मग डोळे, मग खालचं सगळं.

"दिसलं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अवो, मिशीले काय लावलं?"

तस्वीरीसाठी लावलेलं काजळ उन्हानं वितळून हनुवटीपर्यंत उतरलं होतं. हेमलाला ते वाटेतच दिसलं होतं, पण सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

पुंजाजींनी घाईनं टेबलावरचा आरसा उचलला. डॉक्टरांना आरपार पाहता यावं म्हणून त्याला मधोमध भोक होतं. दोन्हीकडं फुगलेले गाल, आणि नाकाच्या जागी काहीच नाही. मिशी पुसायचं विसरून ते पाहत राहिले.

"इतके दिवस मी तुले असा दिसून राह्यलो?"

"असाच."

"अन् मी डोळे वटारत होतो, तवा?"

"मले वाटे, तुमी हासून राह्यले."