भिंतीपलीकडचं हसू

"मला फसवेल असं कुलूप अजून बनायचंय, आणि माणूससुद्धा!" कुलूपवाले अण्णा दुकानात रोज सांगत. चाव्या घासण्यात हयात गेलेली. भोक दिसलं की पलीकडून कुणीतरी बघतंय असं वाटायचं, हा धंद्याचाच रोग.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. त्या संध्याकाळी टीव्हीवर एका बड्या नटाला खुर्चीत बसवून त्याचेच मित्र त्याची यथेच्छ खिल्ली उडवणार होते. अण्णा बघायला बसले ते बायकोच्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. सगळ्या विजारी एकाच दिवशी धुवायच्या नसतात, हे त्यांना विजारी दोरीवर गेल्यावर कळलं होतं!

नट बसतोय न बसतोय, तोच शेजारच्या शिंप्याच्या घरात हशा फुटला. टीव्हीवर तर अजून कुणी तोंडही उघडलं नव्हतं! मग हे हसले कशाला?

अण्णांनी गाऊनकडे पाहिलं. पडदा ओढला. हशा! कुलपाच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला. हशा! दिवा घालवून खुर्चीमागे दडले, तर पलीकडे टाळ्या!

अण्णा तसेच उठले आणि दार उघडं टाकून शेजारच्या दारावर धडकले.

"बायको गेलेल्या माणसाला हसता? लाज नाही वाटत?"

"तुम्हाला कोण हसतंय अण्णा? आम्ही टीव्ही बघतोय!" शिंपी म्हणाला. मग त्याला गाऊन दिसला, आणि तो खरोखरच अण्णांना हसायला लागला.

इतक्यात अण्णांच्या अंधाऱ्या घरातून एका बाईचं हसू आलं. अगदी खळखळून!

शिंपीणबाईंचे डोळे बारीक झाले. "भाऊजी, घरात कोण आहे?"

"कुणी नाही!"

"अय्या, पुरे ना आता!" आतून बाई म्हणाली.

"दिवा घालवून? आणि अंगात ताईंचा गाऊन? अहो, वर्षसुद्धा झालं नाही हो!"

अण्णांनी गाऊन आवळून धरला. छत्तीस वर्षांच्या संसारात परक्या बाईची चावीसुद्धा त्यांनी मान खाली घालून बनवली होती! उद्या गल्लीत तोंड कसं दाखवणार? आणि भिंतीवरच्या बायकोच्या फोटोला?

शिंपीणबाई कात्री घेऊनच आत घुसल्या. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, मोरीत डोकावल्या. टीव्हीवर निवेदिका त्याच खळखळत्या आवाजात बोलत होती. मागून आलेला शिंपी एकदम थबकला.

"अगं, हे वाक्य आत्ताच आपल्याकडे होऊन गेलं! अण्णा, तुमचा टीव्ही आमच्यापेक्षा पाच सेकंद मागे चालतोय!"

"तरीच!" शिंपीणबाईंनी कात्री खाली केली. "मी म्हणतेय, भाऊजींकडे कोण बाई येणार!"

दोघं हसत हसत निघून गेले. अब्रू वाचली. अण्णांनी दिवा लावला, खुर्ची सरळ केली आणि फोटोसमोर जरा वेळ उभे राहिले. त्यांना राहून राहून एकच वाटत होतं, लोकांनी इतक्या लवकर कशाला विश्वास ठेवायचा? ती असती, तर तिने निदान आठवडाभर तरी संशय घेतला असता!